१ जूनची मुले

आमच्या पिढीचे माजी विद्यार्थी एकत्र जमले आणि कोणी सहज जन्मतारखेचा विषय काढला, की एक गंमत उघड होते. आमच्यातील बहुतेकांचा जन्म १ जूनचा आहे. वर्षे निराळी, गावे निराळी, आईबाप निराळे. तारीख मात्र एकच. आमच्या आयांना आमचा जन्म आठवत असे तो ‘ज्वारी काढणीला आली होती तेव्हा’, ‘थोरलीच्या लग्नाच्या साली’ किंवा ‘नदीला पूर आला होता त्या आठवड्यात’ असा. गुरुजींना मात्र रजिस्टरच्या रकान्यात दिवस, महिना आणि साल भरावे लागे. मग ते मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत. बोटे कानाला पोचली, की मूल सहा वर्षांचे झाले असे ठरे. आणि शाळा जूनमध्ये उघडत असल्याने त्याची जन्मतारीख १ जून होई. याच तारखेने आम्हांला पुढे नोकऱ्या दिल्या आणि याच तारखेने त्या संपवल्या. आमच्यातील जे सरकारी सेवेत गेले, ते ३१ मे रोजी निवृत्त झाले किंवा होतील. त्या दिवशी कित्येक कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागते, तिचे मूळ कुठल्या तरी खेड्यातील शाळेच्या ओसरीवर कान धरून उभ्या राहिलेल्या मुलांत आहे.

हा प्रसंग आम्ही हसत हसत सांगतो आणि ऐकणारेही हसतात. परंतु या स्मरणिकेसाठी बालपणीच्या शाळेविषयी लिहावे असा निरोप आला आणि आम्ही काही जण जुन्या आठवणी जुळवावयास बसलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली. आमची जन्मतारीख जशी कोणीतरी सोयीसाठी ठरवली, तशा आमच्या आठवणीही पुष्कळदा आम्ही सोयीसाठी ठरवून टाकल्या आहेत. त्यांतले गोड ते ठेवले आहे, कडू ते गाळले आहे, आणि उरलेल्या जागी १ जून लिहून रकाना भरला आहे. आमचे मत या लेखात मांडायचे आहे ते एवढेच, की निदान आपल्या शाळेच्या स्मरणिकेत तरी हा रकाना खऱ्या नोंदीने भरावा. त्याची कारणे सांगण्यापूर्वी आम्ही काय गाळत आलो आहोत, ते सांगणे भाग आहे.

जे नेहमी लिहिले जाते ते खोटे नाही. पहाटेची घंटा खरी आहे. अंगणातील कडुनिंब, त्याखाली अंथरलेल्या सतरंज्या, हारीने ठेवलेल्या पत्र्याच्या पेट्या, पंगतीत ताटाजवळ तांब्या उजवीकडे ठेवण्याची शिस्त, सायंकाळची वंदना, बुद्धपौर्णिमेची खीर, १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी रात्रभर जागून केलेली तयारी, हे सारे खरे आहे. आम्ही १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत येथे आलो. सरकारी कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो खाऊन वाढलेल्या पोरांना येथे दोन वेळचे अन्न ठरल्या वेळी मिळाले. हे उपकार आम्ही विसरू शकत नाही, आणि विसरलेलोही नाही.

पण आमची शाळा येथे सुरू झाली नव्हती. आमच्यातील बहुतेकांनी पहिली-दुसरीचे वर्ग गावच्या शाळेत काढले आणि मग पेटी घेऊन येथे आलो. ती पहिली शाळा आमच्या लेखांत कधी येत नाही. जणू आम्ही वसतिगृहाच्या दारातच जन्मलो.

बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा’ या बालनावाची ती नोंद आहे. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. आपल्या शाळेतही त्या दिवशी भाषणे होतात. परंतु बाबासाहेबांनी आपल्या शाळेविषयी स्वतः काय लिहून ठेवले आहे, ते किती जणांनी मुलांना वाचून दाखवले? त्यांच्या आठवणींच्या छोट्या इंग्रजी टिपणात त्यांनी लिहिले आहे, की वर्गात त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर ते गोणपाट हाती धरत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. नळाला त्यांनी हात लावायचा नसे. शिपायाने नळ सोडला तर पाणी प्यावयाचे, शिपाई नसला तर तहानलेले राहावयाचे. ज्यांनी पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले, त्यांनी नवव्या वर्षीच्या तहानेची नोंद गाळली नाही. चाळिशी ओलांडल्यावर, जगभरच्या विद्यापीठांच्या पदव्या घेतल्यावरही त्यांनी ती लिहून ठेवली.

आमच्या काळी गोणपाट गेले होते. अस्पृश्यतेला घटनेने बंदी केली होती आणि १९५५ चा कायदाही झाला होता. तरीही आमच्या पहिल्या शाळेतील माठाशी एक मुलगा ठरलेला होता. तो वरून पाणी ओतत असे आणि आम्ही ओंजळीने पीत असू. कोणी तसा हुकूम काढला नव्हता. तो रिवाज होता, आणि आम्ही तो पाळत होतो. वर्ग झाडण्याची पाळी सर्वांची असे, पण आमच्या वस्तीतील मुलांवर ती लवकर लवकर फिरून येई. पाटी तपासताना काही गुरुजी ती हातात न घेता लांबूनच मान हलवीत. आमच्यातील एकाला आजही कोणी वरून पाणी ओतले, की पेला पुढे करावयाच्या आधी दोन्ही हात एकत्र येतात. चांगल्या पदावरून निवृत्त झालेला हा माणूस स्वतःच्या हातांकडे पाहून ओशाळतो. ही त्याची बालपणीची आठवण आहे. त्याने ती कोणत्याही स्मरणिकेत लिहिलेली नाही.

आणखी एक सांगितले पाहिजे. त्याच शाळेतील दुसरे एक गुरुजी सुटीच्या दिवशी आमच्या वस्तीत चालत येत, घराघरांतून मुले हुडकून काढीत आणि आईबापांना हात जोडून सांगत, ‘पोराला ढोरांमागे लावू नका.’ ते आमच्या समाजाचे नव्हते. या निवासी शाळेची माहिती आमच्यातील काही जणांच्या घरी पोचवली ती त्यांनीच. माठाची गोष्ट गाळली, तर या गुरुजींचे मोठेपणही कळत नाही. मग त्यांचे येणे केवळ एक नेहमीचा रिवाज वाटू लागतो.

गावच्या शाळेची गोष्ट गाळली, तिचे एक कारण तरी समजते. तो अपमान होता. पण या वसतिगृहातील पहिल्या दिवसांची गोष्टही आम्ही गाळतो. ती गाळताना आम्ही स्वतःलाच सांगतो, की हे कृतज्ञतेपोटी आहे.

सहा-सात वर्षांचे मूल, ज्याने आईच्या कुशीबाहेर एक रात्र काढलेली नाही, त्याची पेटी दाराशी ठेवून आई परत फिरते. ती वळून पाहत नाही. कारण वळली तर ती मुलाला घेऊन जाईल, हे तिला ठाऊक असते. मुलाला मात्र एवढेच दिसते, की आईने मागे पाहिले नाही. पहिल्या रात्री त्या लांब खोलीत गोधडी तोंडावर ओढून कितीजण रडत होते, हे आम्ही एकमेकांना चाळीस वर्षांनी सांगितले. तोवर प्रत्येकाला वाटत होते, की आपण एकटेच रडलो.

आणि सकाळी काही अंथरुणे ओली असत. हे वाक्य लिहिताना आमच्यात वाद झाला. एकाने ते काढून टाकावे असे सुचवले. आम्ही ते ठेवले आहे. ओली गोधडी डोक्यावर घेऊन प्रार्थनेच्या रांगेपुढे उभे राहण्याची शिक्षा त्या काळी होती. ती देणारे दुष्ट नव्हते. मुलांना सवय लागावी, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. मोठी मुले हसत. ज्याच्या डोक्यावर गोधडी असे, त्याला पुढच्या रात्री झोपच येत नसे, आणि झोप नसलेल्या मुलाचे अंथरूण पुन्हा भिजे. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एक मावशी होत्या. पहाटेची घंटा होण्यापूर्वी त्या कंदील घेऊन खोलीतून एक फेरी मारीत. भिजलेली गोधडी हळूच ओढून घेत, मुलाला कोरड्या जागी सरकवीत आणि चुलीमागच्या दोरीवर ती गोधडी वाळत घालीत. एका शब्दाने त्यांनी कधी कोणाला काही विचारले नाही. आमच्यातील किमान चारजणांना वाटत होते, की मावशींनी हे फक्त आपल्यासाठी केले.

आता या मावशींचे नाव लिहावे म्हणून आम्ही शोधू लागलो, तर ते आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही. त्या आम्हां सर्वांच्या ‘मावशी’ होत्या. आमच्याजवळच्या एकाही छायाचित्रात त्या नाहीत. अध्यक्षांची, देणगीदारांची, प्रमुख पाहुण्यांची नावे आम्ही तारीखवार सांगू शकतो. आमच्या आठवणींचा रकाना किती सोयीने भरला गेला आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा देता येणार नाही.

भाषेचीही एक आठवण आहे. आमच्या घरी ‘पानी’ होते, ‘लोनी’ होते, ‘कोन आला?’ असे विचारत. शाळेत ‘ण’ होता. तो जमेपर्यंत हातावर पट्टी बसे. ‘पाणी’ म्हण, पुन्हा म्हण, दहा वेळा म्हण. आम्हांला वाटू लागले, की आपली आईच चुकीचे बोलते. दिवाळीच्या सुटीत घरी गेल्यावर आमच्यातील एकाने आईला ‘पानी नाही, पाणी म्हण’ असे सांगितले. ती हसली, पण नंतर त्याच्याशी बोलताना जपून बोलू लागली, हे त्याला फार उशिरा उमगले. उलट सायंकाळी विहारात भन्तेजी त्रिसरण सांगत, आम्ही मागून म्हणत असू. आणि ‘सरणं’ या शब्दातील ‘ण’ आमच्या तोंडून आपोआप, स्वच्छ निघे. तेथे कोणाच्या हातात पट्टी नव्हती. भन्तेजी केवळ सावकाश म्हणत आणि थांबत. एकाच दिवशी, एकाच अक्षराचे असे दोन धडे आम्ही घेतले. लहान मुलांना शिकवावे कसे, याविषयी पुढे आम्ही जे काही वाचले ते या दोन धड्यांच्या पलीकडे फारसे गेलेले नाही.

आमचे हे लिखाण वाचून काही ज्येष्ठ म्हणतील, आणि एकाने म्हटलेही, की स्मरणिका गौरवासाठी असते. घरातली धुणी येथे कशाला धुवावी? ज्या संस्थेने आपल्याला माणसांत आणले, तिच्या पंगतीत बसून तिच्याच वाढण्याला नावे ठेवणे शोभते का? दुसरे म्हणतील, की त्या शिस्तीनेच आपण घडलो. आम्ही हे दोन्ही आक्षेप मनापासून ऐकले आहेत. शिस्तीने आम्ही पुष्कळ घडलो, हे खरे. पण घंटेने उठणे, पंगतीत बसणे, वेळेवर अभ्यास करणे ही शिस्त. आणि ओली गोधडी डोक्यावर देणे ही निराळी गोष्ट. पहिलीने आम्हांला घडवले म्हणून दुसरीही पुण्यवान ठरत नाही. आणि ज्यांना ती सोसवली नाही, जे पहिल्याच सहामाहीत पळून घरी गेले आणि पुन्हा ढोरांमागे लागले, ते या मेळाव्याला येत नाहीत. म्हणून ‘आम्ही घडलो’ हे म्हणताना आम्ही फक्त उरलेल्यांची मोजणी करीत असतो.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर आमच्या मते आपल्या परंपरेतच आहे. भगवान बुद्धांनी राहुलाला दिलेला एक उपदेश मज्झिमनिकायात आहे. राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे राहुल राहत असता भगवान तेथे आले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. पाय धुतल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि विचारले, हे उरलेले थोडेसे पाणी दिसते का? जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण एवढेच थोडे. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथून रिते दाखवले, आणि प्रत्येक वेळी तोच धडा दिला. शेवटी विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसेच, भगवान म्हणाले, प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतरही पाहून घ्यावी. तिने स्वतःला वा दुसऱ्याला पीडा होते का, हे तपासावे. सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू येथील लेखात भिक्षू आणि उपासकांनी जे उपदेश वारंवार ऐकावेत म्हणून सांगितले, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला हा उपदेश आहे.

लहान मुलाला शिकवण्यासाठी भगवंतांनी हाताशी असलेले भांडे घेतले, आणि पहिला विषय निवडला तो खरेपणाचा. ‘सति’ या पालि शब्दाचा अर्थ आपण सजगता असा करतो. स्मरण हाही त्याच शब्दाचा अर्थ आहे. सम्यक् स्मृती अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. बौद्धांनी चालविलेल्या शाळेची स्मरणिका जर स्मरणातील गोड तेवढे ठेवील, तर ती आरशाला रंग लावण्यासारखे करील. केल्यानंतरही कृती तपासावी, हे जर सांगितले आहे, तर पन्नास वर्षांनंतर तपासण्यासही हरकत नसावी.

राहुलाच्याच चरित्रात दुसरी एक गोष्ट आहे आणि ती निवासी शाळेच्या चालकांनी व पालकांनी अधिक जवळून पाहावी अशी आहे. कपिलवस्तूला भगवान आले असता राहुलाने त्यांच्यामागे जाऊन वारसा मागितला आणि भगवंतांनी सारिपुत्तांकडून त्याला प्रव्रज्या देवविली. राहुलाचे वय तेव्हा सात वर्षांचे होते, असे परंपरा सांगते. हे कळताच आजोबा शुद्धोदन व्याकूळ होऊन आले. पुत्रप्रेम कातडी, मांस, हाडे भेदून मज्जेपर्यंत पोचते, असे त्यांनी आपले दुःख सांगितले आणि एक मागणे मागितले, की आईबापांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये. भगवंतांनी ते मान्य केले आणि तसा नियम केला. विनयपिटकात हा प्रसंग नोंदलेला आहे. मूल कितीही चांगल्या ठिकाणी नेले जात असो, घरात एक जागा रिकामी होते आणि त्या जागेचे दुःख ऐकून घ्यावे लागते, हे संघाने मानले. आणि विनयपिटकाने आजोबांचे ते रडणेही गाळले नाही.

यावरून आम्ही निवासी शाळांच्या विरुद्ध आहोत, असा अर्थ कोणी काढू नये. त्या नसत्या तर आम्ही हे लिहू शकलो नसतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू करविले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींची मुले एका छताखाली ठेवली. या सर्वांना कळले होते, की गावातली शाळा दार उघडते, पण तेवढ्याने मूल शिकत नाही. त्याला झोपायला जागा, खायला अन्न आणि अपमानापासून दूर असा काही काळ हवा असतो. आजही ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या मुलांना वसतिगृह नसेल, तर पाटी कोपीतच राहते. गरज संपलेली नाही.

परंतु गरज आहे म्हणून मुलाच्या दुःखाकडे पाहावयाचे नाही, ही आमच्या काळची सवय आता चालणार नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्याने शाळेत शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली. आपल्या शाळेत छडी राहिलेली नाही, हे आम्ही आनंदाने पाहिले. पण छडी ठेवून देणे सोपे असते. रात्री दहा वाजता गोधडी ओढून कोण रडते, हे पाहण्यासाठी कंदील घेऊन फिरणारे माणूस लागते. तो कंदील आज कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आम्ही संस्थेला आदराने विचारतो. पालकांना विचारतो, की मुलगा वसतिगृहात घातल्यावर महिन्यातून एकदा तरी येऊन त्याच्याजवळ तासभर बसण्याचे आपण ठरवले आहे का, की फी आणि खाऊ पाठवला म्हणजे झाले? आणि मुलींच्या आईबापांना विशेष विचारतो, कारण मुली येथे फार उशिरा आल्या, आणि आल्यावर ‘घरी रडगाणे सांगितलेस तर परत नेऊ’ असा धाक घेऊन आल्या. ज्या मुलीला दुःख सांगितले तर शाळाच जाईल अशी भीती आहे, ती गप्प राहील. तिची गप्प राहण्याची शिस्त पाहून आपण तिला गुणी म्हणू.

याच संदर्भात आम्हांला मुक्ता साळवे आठवतात. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. ती मोठी होईपर्यंत, नोकरी लागेपर्यंत, मेळाव्याला बोलावली जाईपर्यंत कोणी थांबले नाही. शाळेत असतानाच तिला काय दिसते, काय बोचते, ते तिने लिहिले आणि ते छापण्यासारखे आहे असे मोठ्यांनी मानले. तिच्या निबंधात आठवणीची साखर नाही, कारण आठवण होण्याइतका काळच गेलेला नव्हता. आज १७० वर्षांनंतरही तो वाचताना अंगावर येतो तो त्यामुळे.

या स्मरणिकेत पन्नाशी-साठीच्या माणसांचे लेख आहेत. सात वर्षांच्या मुलाचे एक पानही नाही. आम्ही आमच्या बालपणाविषयी लिहितो आहोत, आणि ज्यांचे बालपण आज, याच खोल्यांत चालू आहे, ती मुले त्या लेखांच्या प्रती बांधावयास मदत करीत आहेत. आमची संपादक मंडळाला विनंती आहे, की पुढील अंकात काही पाने त्यांच्यासाठी राखावीत. शुद्धलेखन सुधारून, शेवटी आभाराचे वाक्य जोडून त्यांना गुळगुळीत करू नये. एखाद्याने ‘पानी’ लिहिले तर ‘पानी’च छापावे. काही वाक्ये वाचून आपल्याला वाईट वाटेल. तेवढे वाटून घेण्याइतकी ही संस्था आता वयाने मोठी झाली आहे.

आमच्या बाबतीत एक काम आम्ही स्वतःकडे घेतले आहे. मावशींचे नाव शोधावयाचे. त्या काळचे हजेरीपट, पगारपत्रके, कोणाच्या घरी उरलेली पत्रे, जे मिळेल ते पाहावयाचे. ज्या वाचकांना त्या आठवत असतील, त्यांनी संस्थेच्या कार्यालयात कळवावे. त्यांचे गाव कळले तर तेथे जाऊ. त्या नसतील, तर त्यांच्या मुलाबाळांना सांगू, की तुमच्या आईने अमुक वर्षी इतक्या गोधड्या वाळवल्या आणि आम्हांला ते लक्षात आहे.

या जूनमध्ये पहिलीत आलेल्या मुलांची नावे परवा कार्यालयात पाहिली. प्रत्येकाच्या पुढे जन्मदाखल्यावरून घेतलेली तारीख होती. कोणी फेब्रुवारीतले, कोणी ऐन श्रावणातले, एक तर २९ तारखेचा. १ जून फक्त एका मुलीपुढे होता, आणि चौकशी केली तेव्हा कळले, की ती खरोखरच त्या दिवशी जन्मली आहे. तिला आम्ही आमच्यात घेतले. तिची तारीख खरी आहे. या शाळेतील तिच्या पहिल्या वर्षाची नोंदही तशीच खरी राहावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.